लेव्हल शून्यापासून पुढे : आमच्या कंपनीतले साडेअठरा महिने

७ जून २०२४ ला दुपारी आमचा ‘ऑटोमोटिव्ह स्पाइस’चा, म्हणजे गाडीचे भाग तयार करण्याच्या पद्धतीच्या तपासणीचा, असेसमेंट रिपोर्ट मेलवर आला. १६ प्रक्रियांपैकी १४ ‘लेव्हल २’ला पोचल्या, २ ‘लेव्हल १’वर राहिल्या. हे काम अंगावर आलं तेव्हा मी इंटरनेटवर पुष्कळ शोधलं होतं. मागणीपासून टेस्टपर्यंतचे टप्पे दाखवणाऱ्या व्ही आकाराच्या आकृत्या हव्या तितक्या मिळाल्या. पण संध्याकाळी साडेपाचला कंपनीची बस गाठायच्या घाईत असलेल्या टेस्ट इंजिनिअरला ‘हे आजच लिहून ठेव’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं, ते कुठेच सापडलं नाही. कोणी तरी तसंच शोधत असेल, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे.

आमची कंपनी चाकणची, मध्यम आकाराची. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीचं नियंत्रण करणारं युनिट, म्हणजे बीएमएस, आम्ही बनवतो. २४ नोव्हेंबर २०२२ ला एका युरोपियन कस्टमरची मेल आली: पुढचं काम हवं असेल तर दीड वर्षात ‘ऑटोमोटिव्ह स्पाइस’ची लेव्हल २ दाखवा. ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनेचं, व्हीडीएचं, गुणवत्ता केंद्र हे मॉडेल प्रसिद्ध करतं. कस्टमरने मागितलेली आवृत्ती ३.१ होती, २०१७ ची. गाडीचा भाग चांगला आहे का, हे त्यात तपासत नाहीत. तो तयार करण्याची तुमची पद्धत तपासतात. कस्टमरची मागणी नीट लिहून घेता का, त्यावरून सिस्टिमची रचना करता का, सॉफ्टवेअर त्या रचनेला धरून आहे का, टेस्ट मूळ मागणीशी जुळते का, बदल झाला तर तो सगळीकडे पोचतो का. लेव्हल ० ते ५. लेव्हल १ म्हणजे काम खरोखर होतं आहे. लेव्हल २ म्हणजे ते ठरवून, लक्ष ठेवून होतं आणि त्यातून निघालेले कागद, फायली ताब्यात असतात.

मेल आली त्याच आठवड्यात सगळी टीम दुसऱ्याच धावपळीत होती. एआयएस-१५६ या बॅटरी सुरक्षेच्या मानकातल्या दुरुस्तीचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून लागू होणार होता आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. आमच्या दुचाकीवाल्या कस्टमरांची सगळी कामं त्यावर अडली होती. पद्धत सुधारायला जी माणसं लागतात तीच आग विझवायलाही लागतात, ही पहिली अडचण. ती शेवटपर्यंत संपली नाही. वरिष्ठांनी मला बोलावून सांगितलं, ‘‘तुम्ही बघा. सहा महिन्यांत होईल ना?’’ मी हो म्हटलं. तेव्हा मला माहीत नव्हतं.

जानेवारी-फेब्रुवारी २०२३ मध्ये मी टेम्प्लेट बनवली. एकूण ४३. रिक्वायरमेंटचं (मागणीचं) वेगळं, आर्किटेक्चरचं (रचनेचं) वेगळं, रिव्ह्यूची चेकलिस्ट, बदलाचा फॉर्म. सगळी सर्व्हरवर टाकली, एक ट्रेनिंग घेतलं, वीसेक जणांच्या सह्या घेतल्या. मार्चअखेर पाहिलं तर त्यातली ५ भरलेली होती आणि त्यातली ३ मीच भरलेली. त्या रात्री मला फार वाईट वाटलं. लोक आळशी आहेत असंही क्षणभर वाटून गेलं, आणि ते चूक होतं.

त्याआधीच बाहेरच्या सल्लागाराकडून गॅप असेसमेंट, म्हणजे आम्ही मॉडेलपासून किती दूर आहोत याची तपासणी, करून घ्यायचं ठरलं होतं. साडेचार लाख अधिक १८ टक्के जीएसटी. पैशांपेक्षा वेळ खर्च खतवण्यात गेला. क्वालिटी म्हणे हा इंजिनिअरिंगचा खर्च, इंजिनिअरिंग म्हणे क्वालिटीचा. पर्चेसला तीन कोटेशन हवी होती, मला दोनच मिळत होती. पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, निघायला पाच आठवडे लागले. तुमच्याकडे असं काही सुरू होणार असेल तर कॉस्ट सेंटर कोणतं, म्हणजे खर्च कोणत्या विभागाच्या नावावर, हे पहिल्याच मीटिंगमध्ये वरिष्ठांकडून लेखी घ्या.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात निकाल ऐकवला गेला. प्रकल्प व्यवस्थापन लेव्हल १. सिस्टिमच्या चारही प्रक्रिया, म्हणजे रिक्वायरमेंट, आर्किटेक्चर, इंटिग्रेशन (भाग एकत्र जोडणं) आणि अंतिम टेस्ट, लेव्हल शून्य. खोलीत कोणी बोलेना. आमचे हार्डवेअरचे सर्वांत ज्येष्ठ सर, ज्यांनी कंपनीचा पहिला बोर्ड डिझाइन केला, ते खुर्ची मागे सारून उभे राहिले. ‘‘म्हणजे चौदा वर्षं आम्ही काहीच केलं नाही का?’’ एवढं बोलून ते निघून गेले. पुढचे दोन महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

हा प्रसंग टाळता आला असता, म्हणून जरा सविस्तर सांगते. असेसर प्रत्येक गोष्टीला चारपैकी एक श्रेणी देतो. १५ टक्क्यांपर्यंत काम दिसलं तर ‘एन’ (नाही), ५० पर्यंत ‘पी’ (अंशतः), ८५ पर्यंत ‘एल’ (बऱ्याच अंशी), त्यावर ‘एफ’ (पूर्ण). कामाची मूळ श्रेणी ‘पी’ आली, म्हणजे निम्मं काम दिसत असलं, तरीही लेव्हल शून्यच लागते. लेव्हल २ साठी तर मूळ काम ‘एफ’ असावं लागतं आणि लेव्हल २ च्या दोन्ही कसोट्यांवर, म्हणजे कामावरचं लक्ष आणि कागदांवरचा ताबा, किमान ‘एल’. आमच्या चारपैकी तीन प्रक्रिया ‘पी’ होत्या. शून्य हा आकडा माणसांना मिळालेला नव्हता, त्यांच्या ज्ञानाला तर मुळीच नव्हता. एकाचं ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोचण्याच्या वाटेला तो मिळाला होता. हे मी निकालाच्या आदल्या दिवशी तासभर बसवून समजावायला हवं होतं. निकालानंतर सांगितलेलं समजूत घातल्यासारखं वाटतं.

खरी सुरुवात मे २०२३ मध्ये झाली, आणि ती एका फसलेल्या टेस्टपासून. चार्जिंग चालू असताना सेल तापला की चार्जिंग बंद व्हायला हवं. आमच्या टेस्टमध्ये ती मर्यादा ५५ अंश होती आणि युनिट ५० लाच बंद पडत होतं. सेन्सरवर संशय गेला. तापमान मोजणारे थर्मिस्टर बदलले, त्याची जागा बदलली, कॅलिब्रेशन पुन्हा केलं, सेलच्या सप्लायरला फोन झाले, बाहेरच्या लॅबमधलं क्लायमॅटिक चेंबर, म्हणजे हवं ते तापमान राखणारी बंद पेटी, तासांच्या भाड्यावर घेतलं. अकराव्या दिवशी कळलं की कस्टमरने मार्चमध्येच मेल करून मर्यादा ५५ वरून ५० केली होती. मेल प्रोजेक्ट मॅनेजरला आली होती, सॉफ्टवेअरचा मुलगा सीसीमध्ये होता, त्याने लगेच बदल केला. स्पेसिफिकेशनमध्ये कोणी लिहिलं नाही. टेस्टिंगच्या मुलीपर्यंत काहीच पोचलं नाही. युनिट पहिल्या दिवसापासून बरोबर चालत होतं.

ती मुलगी त्या दिवशी रडली. अकरा दिवस सगळे तिलाच विचारत होते, ‘‘तू टेस्ट नीट लावली आहेस ना?’’

मी हिशेब मांडला. सहा माणसं, ५२ मनुष्यदिवस, चेंबरचं भाडं १ लाख ८० हजार. एकाच पानावर लिहून वरिष्ठांना दिलं. सहा महिने मी त्यांना मॉडेल समजावत होते, ते ऐकून घेत होते. हे पान त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘‘काय पाहिजे?’’ मी पैसे मागितले नाहीत. चार माणसं, आठवड्यातून दोन अर्धे दिवस, आणि त्या वेळात त्यांना कोणी उठवायचं नाही, एवढं मागितलं. ते मिळालं.

४३ टेम्प्लेट बाजूला ठेवली. जूनमध्ये सोळा प्रक्रियांचा विचार सोडून फक्त ‘चार्जिंगमधलं तापमान’ एवढाच विषय घेतला. टेबलाभोवती मी, सॉफ्टवेअरचा मुलगा, टेस्टिंगची मुलगी आणि हार्डवेअरमधला एक जण. आमची जुनी रिक्वायरमेंट अशी होती: ‘चार्जिंगच्या वेळी तापमान जास्त झाल्यास सिस्टिमने ताबडतोब चार्जिंग थांबवावे.’ मी टेस्टिंगच्या मुलीला म्हटलं, तुला जे विचारावंसं वाटतं ते विचार. जास्त म्हणजे किती? कुठल्या सेन्सरचं? क्षणभर वाढलं तरी चालेल का? ताबडतोब म्हणजे किती वेळात? थांबवावे म्हणजे नक्की काय उघडायचं? पावणेदोन तास लागले. शेवटी वाक्य असं झालं: ‘चार्जिंग सुरू असताना कोणत्याही सेल तापमान सेन्सरने मोजलेले तापमान सलग २ सेकंद ५० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक राहिल्यास, बीएमएसने त्यानंतर ५०० मिलिसेकंदांच्या आत चार्जिंग काँटॅक्टर उघडावा.’ काँटॅक्टर म्हणजे प्रवाह तोडणारा स्विच. वाक्याला एक क्रमांक दिला. त्याच क्रमांकाखाली कस्टमरची मेल, सॉफ्टवेअरचा भाग आणि टेस्ट जोडली. ती म्हणाली, ‘‘मॅडम, आता टेस्ट लिहिताना कोणाच्या मागे फिरायला नको.’’

इतके महिने माझं काय चुकत होतं ते मला त्या टेबलावर दिसलं. लिहिण्याचा त्रास एकाला होतो आणि न लिहिण्याचा त्रास दुसऱ्याच कोणाला तरी. मी टेम्प्लेट देऊन पहिल्याकडून काम मागत होते, त्यात त्याला स्वतःला काहीच मिळत नव्हतं. दोघं समोरासमोर बसल्यावर सॉफ्टवेअरचा मुलगा स्वतःहून लिहायला लागला, कारण पुढच्या खुर्चीवर ते कोणाला लागणार आहे हे त्याला दिसत होतं. त्यानंतर आम्ही कुठलीही नवी पद्धत सुरू करताना एकच प्रश्न विचारला: हा कागद उद्या सकाळी कोण उघडणार? नाव सांगता आलं नाही तर तो कागद थांबवला. ४३ पैकी शेवटी १७ राहिले. असेसरने त्यावर एकदाही आक्षेप घेतला नाही.

आणखी एक गोष्ट आमच्याकडची. आमचे बहुतेक निर्णय चहाच्या टपरीवर होतात, मराठीत. ‘‘तिथंच कट करून टाक, खाली जाऊ देऊ नको.’’ मग तिथे नसलेला कोणी तरी ते दोन दिवसांनी इंग्रजीत लिहितो आणि मधलं अर्धं गळून जातं. मी सांगितलं, निर्णय ज्या भाषेत झाला त्याच भाषेत, फोनवरून, जागेवरच तिकिटात, म्हणजे त्या कामाच्या नोंदीत, टाका. चार ओळी पुरे. कस्टमरला जाणारं स्पेसिफिकेशन इंग्रजीतच राहिलं, पण त्यामागचं ‘का’ मराठीत नोंदवलेलं असायचं. ‘इंग्रजीत कसं लिहू’ या अडचणीमुळे गप्प राहणारी दोन-तीन मुलं त्यानंतर सर्वांत जास्त नोंदी करू लागली. परीक्षणाच्या दिवशी असेसरने अशी एक नोंद वाचून अर्थ सांगायला लावला, तो सांगितला, त्यांनी लिहून घेतलं.

ज्येष्ठ सरांकडे मी जुलैमध्ये गेले. आर्किटेक्चर त्यांच्या डोक्यात होतं. रात्री अकरालाही प्रॉडक्शन लाइनवरून त्यांना फोन जायचे आणि ते घ्यायचे. लिहायला ते तयार नव्हते. तिसऱ्या वेळी बोलता बोलता म्हणाले, ‘‘सगळं लिहून दिलं की मग मी कशाला हवा?’’ ५४ वर्षांच्या माणसाची ही भीती खरी आहे. मी दोन गोष्टी करायच्या ठरवल्या. एक, कागदावर ‘तपासणार आणि मंजूर करणार’ म्हणून त्यांचं नाव, म्हणजे त्यांच्या संमतीशिवाय बदल नाही. दुसरी, अप्रेझलमध्ये रिव्ह्यूच्या तासांची दखल. दुसरीला वेळ लागला. एचआरचं म्हणणं, वर्षाच्या मध्यात फॉर्म बदलता येत नाही. जुलै ते ऑक्टोबर चार वेळा गेले, शेवटी ‘अतिरिक्त जबाबदारी’च्या रकान्यात ते बसवलं.

लिहायचं कामही त्यांच्यावर टाकलं नाही. मंगळवारी आणि गुरुवारी चार ते साडेपाच ते बोलायचे, एक ट्रेनी मुलगी फळ्यावर काढायची, ते खोडायचे, ती पुन्हा काढायची. सात आठवड्यांत २३ पानं आणि सगळ्या इंटरफेसची, म्हणजे भाग एकमेकांना जोडले जातात त्या ठिकाणांची, यादी झाली. त्यातच उघड झालं की कॅनवरून, म्हणजे गाडीतल्या युनिटांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यावरून, युनिट जागं कधी होतं याबद्दल हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोघांची समजूत वेगवेगळी होती. गाडीत गेल्यावर कळलं असतं तर बॅटरी रात्रभर उतरत राहिली असती. त्या दिवशी सरांनी स्वतः चहा मागवला.

टूलचं, म्हणजे हे सगळं जोडून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, थोडक्यात. आमची ट्रेसेबिलिटी, म्हणजे मागणीपासून टेस्टपर्यंतचा माग, एक्सेलमध्ये होती, १४०० ओळींनंतर ती सांभाळता येईना. १२ लायसन्सचं कोटेशन वर्षाला नऊ लाखांच्या पुढे गेलं आणि नामंजूर झालं. जे लिहितात त्यांच्यापुरती ५ घेतली, साधारण पावणेचार लाख. बाकीच्यांना दर शुक्रवारी पीडीएफ. आयटीकडून सर्व्हरची परवानगी यायला तीन आठवडे गेले. टूल येण्याआधी एक्सेल स्वच्छ करा: एका ओळीत एकच मागणी, प्रत्येकीला क्रमांक, आणि रद्द झालेला क्रमांक पुन्हा कधीही वापरायचा नाही. टूलमध्ये घाण टाकली तर तिथेही घाणच राहते.

२०२३ ची दिवाळी झाली आणि नोव्हेंबरच्या शेवटी मॉडेलची ४.० आवृत्ती प्रसिद्ध झाली. हार्डवेअरच्या प्रक्रिया त्यात नव्याने आलेल्या. ‘सगळं परत करायचं का’ म्हणून टीम हादरली. मी कस्टमरला विचारलं, उत्तराला १६ दिवस लागले: या प्रकल्पासाठी ३.१ च राहील. ते १६ दिवस काम जवळजवळ थांबलं होतं. कोणती आवृत्ती लागू, हे कराराच्या कागदातच लिहून घ्या.

जानेवारी २०२४ मध्ये मी प्राथमिक असेसरचं पाच दिवसांचं ट्रेनिंग केलं, परीक्षा दिली. फी कंपनीने भरली, बदल्यात एक वर्षाचा बाँड. परत आल्यावर आम्ही स्वतःचंच परीक्षण केलं आणि दोन मोठी भगदाडं सापडली. पहिलं, कॅलिब्रेशनची चालू फाइल सर्व्हरवर नव्हती. ती लाइनवरच्या एका दादांच्या लॅपटॉपवर होती आणि ते सुट्टीवर गेले की काम थांबायचं. दुसरं, तासांची नोंद. लेव्हल २ ला अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना दाखवावी लागते, आणि टाइमशीट म्हटलं की लोकांना पाळत ठेवल्यासारखं वाटतं. आम्ही ठरवलं की महिन्याच्या अहवालात माणसांची नावं येणार नाहीत, फक्त कामाचा तुकडा आणि तास. वरिष्ठांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणून लोकांनी विश्वास ठेवला. पहिल्या महिन्यात अंदाज आणि प्रत्यक्ष यांत जवळजवळ दुपटीचं अंतर होतं. तो आकडा दाबला नाही, हे आजही बरं वाटतं.

परीक्षण १३ ते १७ मे २०२४ ठरलं होतं. नंतर कळलं की १३ मेला आमच्याकडे लोकसभेचं मतदान, सुट्टी. असेसरांची तिकिटं बदलायला लागली आणि तारीख २० ते २४ मे झाली. दोन असेसर, पाच दिवस, सकाळी नऊपासून. टीमला मी एवढंच सांगितलं होतं: विचारलं तेवढं बोला, बोलण्याआधी स्क्रीनवर दाखवा, आणि जे केलेलं नाही ते ‘केलेलं नाही’ असं सरळ सांगा. तिसऱ्या दिवशी असेसरनी टेस्टच्या यादीतून इन्सुलेशन बिघाडाची एक टेस्ट मधूनच उचलली आणि टेस्टिंगच्या मुलीला म्हणाले, ही कुठून आली ते दाखवा. तिने टेस्टवरून सिस्टिमची रिक्वायरमेंट, तिथून बदलाचं तिकीट, तिथून कस्टमरची मेल उघडली. चार मिनिटं लागली असतील. मी तिच्या मागच्या खुर्चीवर होते, माझे हात थंड पडले होते. तिचा आवाज स्थिर होता.

एकूण खर्च: गॅप असेसमेंट, टूल, ट्रेनिंग आणि अंतिम असेसमेंट मिळून साधारण अठरा लाख, जीएसटीसह. आमच्याच माणसांचे तास सुमारे २९००. बजेट मागताना हा दुसरा आकडा आधी सांगा. पैसे मिळतात, माणसांचा वेळ मिळत नाही.

राहिलेल्या दोन प्रक्रियांपैकी एक सप्लायरवर देखरेखीची. सेलच्या सप्लायरकडून बदलाची माहिती कोणी, कधी आणि कोणत्या पत्त्यावर द्यायची हे करारात नाही, म्हणून ती अडली. कस्टमरने सप्टेंबर २०२४ पर्यंत मुदत दिली होती. दुसरी आर्किटेक्चरची. रचना नीट लिहिलेली आहे, पण इतर कोणते पर्याय तपासले आणि ते का सोडले, याची नोंद नाही. रिपोर्टमधलं हे वाक्य सरांना कसं दाखवायचं याचा मी दोन दिवस विचार करत होते. एप्रिल २०२३ डोळ्यांसमोर होता. शेवटी प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. चष्मा लावून त्यांनी ती वाचली.

‘‘बरोबर आहे त्याचं. सात पर्याय पाहिले होते आम्ही, दोन तर बोर्ड बनवून पाहिले. त्या मुलीला सांग, गुरुवारी चारला फळा मोकळा ठेव.’’